एसटीच्या तिकिटात एक रुपया, सिलिंडरमागे विमा. मग तुटलेल्या तारेमागे काय?

पाणंद (मूळ धागा)

एसटीचं तिकीट काढलं की त्यात १ रुपया अपघात सहायता निधीचा असतो. १ एप्रिल २०१६ पासून तो घेतला जातो. एसटीच्या अपघातात प्रवासी दगावला तर वारसांना १० लाख रुपये मिळतात. घरात गॅस सिलिंडरचा स्फोट झाला तर तेल कंपन्यांनी काढलेल्या सामूहिक विम्यातून मृत्यूमागे ६ लाख, उपचारांना माणशी २ लाखांपर्यंत (एका दुर्घटनेत सगळ्यांचे मिळून ३० लाख) आणि नोंदलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत तरतूद आहे. त्याचा हप्ता कंपन्या भरतात, आपण वेगळा काही देत नाही. रेल्वे अपघातात प्रवासी गेला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४ आणि १२४-अ खाली, चूक रेल्वेची होती का हे न विचारता, ८ लाख रुपये ठरलेले आहेत.

आता वीज घ्या. पावसाळ्यात वाऱ्याने तार तुटून बांधावर पडते, पहाटे पाणी धरायला गेलेला माणूस तिच्यावर पाय देतो. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला १२ हजारांवर माणसं मरतात अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यात घरातल्या वायरिंगचे अपघातही आले हे खरं, पण शिवारातल्या तारा, उघड्या डीपी आणि करंट उतरलेले खांबही आले. या माणसाच्या घरच्यांना काय मिळेल, कोण देईल, किती दिवसांत देईल, यासाठी वर सांगितल्यासारखी ठरलेली वाट नाही. महावितरण वारसांना आर्थिक मदत देते, मृत्यूमागे ४ लाख रुपये. पण ती मदत आहे. कायद्याने भरपाई हा हक्क आहे, आणि त्या दोन्हींत कोर्टाच्या पायऱ्यांचं अंतर आहे.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की जबाबदारी कुणाची हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच निकाली काढला आहे. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैल कुमारी हा तो खटला. रात्रीच्या वेळी सायकलवरून घरी निघालेला माणूस रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने मेला. मंडळाचं म्हणणं होतं की कुणीतरी वीजचोरीसाठी तार ओढली होती, आमचा दोष काय? न्यायालयाने सांगितलं की इतकी धोकादायक गोष्ट जो लोकवस्तीतून वाहून नेतो, त्याला निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यावी लागेल. वीजचोरीचा आकडा तारेवर कुणी टाकला ही सबब चालणार नाही.

म्हणजे जबाबदारी पक्की आहे. पैशाची सोय मात्र कायद्यात कुठे बांधलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ खाली रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा आहे. एसटीसारख्या राज्य परिवहन उपक्रमाला सरकार सूट देऊ शकतं, पण कधी? त्याने भरपाईसाठी वेगळा निधी उभा केला असेल तरच. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक रसायनं हाताळणाऱ्याने काम सुरू करण्याआधी विमा घ्यायचा. सरकारी कंपनीला सूट हवी तर इथेही निधीची अट. दावा जिल्हाधिकाऱ्यांकडे, वकील न लावता, आणि शक्यतो तीन महिन्यांत निकाल. (त्यातली मृत्यूची रक्कम २५ हजार होती आणि तीस वर्षांहून जास्त काळ तशीच राहिली, हे त्या कायद्याचं मोठं अपयश.) पण हा कायदा घातक पदार्थांपुरता आहे, त्यात वीज बसत नाही. आणि विद्युत कायदा २००३ मध्ये अशी सक्ती घातलेलीच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: वीज वितरणाचा परवाना देताना राज्य वीज नियामक आयोगाने अपघात भरपाईचा विमा किंवा वेगळा राखलेला निधी ही अट घालावी. विद्युत कायद्याच्या कलम १६ खाली परवान्याला सर्वसाधारण आणि विशेष अटी घालण्याचा अधिकार आयोगाला आहे. आयोग १९९९ पासून आहे, महाराष्ट्र वीज मंडळाच्या कंपन्या २००५ मध्ये झाल्या. दर युनिटमागे किती पैसे घ्यायचे, गळती किती मान्य करायची, जोडणी किती दिवसांत द्यायची आणि नाही दिली तर भरपाई किती, हे सगळं आयोग ठरवतो. जोडणीला उशीर झाला तर ग्राहकाला भरपाईचा दर ठरलेला आहे. माणूस मेला तर नाही.

जाणकारांनी लिहावं. विशेषतः ज्यांनी अशा प्रकरणात कागद फिरवले आहेत त्यांनी.

---

खांबावरचा

आयुष्यभर लाइनवर काम केलं, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो, कारण लोकांना वाटतं तार तुटली की वीज आपोआप बंद होते.

११ केव्हीची तार तुटून ओल्या जमिनीवर पडली तर बहुतेक वेळा सबस्टेशनातला ब्रेकर ट्रिप होतो. पण कोरड्या मुरमावर, खडकावर, वाळलेल्या गवतावर पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असतो की ब्रेकरला तो साधा लोड वाटतो. तार जमिनीवर जिवंत पडून राहते. एलटी, म्हणजे डीपीपासून पुढे जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनचं आणखी वाईट. डीपीच्या पेटीत ठरलेल्या मापाची फ्यूज तार हवी. सारखी उडते म्हणून तिथे जाड तार गुंडाळलेली असते. कधी आमच्याच माणसाने, कधी शेतकऱ्याने, कारण त्याला रात्रीच्या पाळीत मोटर चालवायची असते आणि वायरमनच्या वाट्याला पाच-सहा गावं असतात. मग तार तुटली तरी फ्यूज जात नाही.

रस्त्यावरून किंवा लोकांच्या वावरातून जाणारी लाइन तुटलीच तर ती निर्धोक होईल अशी व्यवस्था हवी, हे १९५६च्या विद्युत नियमांपासून लिहिलेलं आहे. त्यासाठी तारेखाली अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) गार्डिंगची जाळी असते. गावोगाव रस्ता ओलांडणाऱ्या तारांखाली बघा, किती ठिकाणी ती जाळी शाबूत दिसते. दोन खांबांमधला झोळ, स्पेसर, अर्थिंगचा खड्डा, ताणाला बसवलेला चिनी मातीचा अंडा इन्सुलेटर, ही सगळी स्वस्त कामं आहेत.

म्हणून माझं मत धागाकर्त्यापेक्षा थोडं वेगळं. विमा कंपनी आली आणि तिने हप्ता ठरवण्याआधी लाइनची पाहणी मागितली, तर मला तो विमा हवा. नुसता हप्ता भरून फाइल बंद होणार असेल तर त्याच पैशात गार्डिंग लावा.

आणि खांबावर चढून मरणाऱ्यांना विसरू नका. कंत्राटी पोरं लाइन बंद केल्याचं परमिट न घेता चढतात, मागून कुणीतरी एबी स्विच टाकून लाइन चालू करतो. त्यांच्यासाठी १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण ठेकेदार हात वर करतो तेव्हा मूळ कंपनीलाही जबाबदार धरता येतं हे घरच्यांना माहीत नसतं.

---

नदीकाठ

माणसाबरोबर ऊस पण धरा. जानेवारी-फेब्रुवारीत पाचट वाळलेलं असतं, वारा सुटला की सैल तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि तोडणीला आलेला फड तासाभरात जातो. जळका ऊस कारखाना आधी नेतो, पण दरात कपात होते आणि खोडवा (त्याच खोडातून येणारं पुढचं पीक) हातचा जातो. तलाठ्याचा पंचनामा होतो. त्यात ‘आग शॉर्टसर्किटने लागली असावी’ असं लिहिलं जातं, आणि त्या ‘असावी’वर सगळा दावा अडकतो. विद्युत निरीक्षकाने येऊन ‘तारा सैल होत्या’ असं लिहून दिलं तरच पुढे काही होतं. फड पेटला की पहिल्यांदा फोटो खांबांचे आणि तारांच्या झोळाचे काढा, आगीचे नंतर.

---

कायद्याचं_बोलू

वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर.

शैल कुमारी निकाल उत्तम आहे, पण तो दिवाणी दाव्यातून वर गेलेला आहे. त्याआधी १९९९ मध्ये ग्रिड कॉर्पोरेशन ऑफ ओरिसा विरुद्ध सुकामणी दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की विजेच्या अपघातात वस्तुस्थितीवरच वाद असेल तर उच्च न्यायालयाने रिट याचिकेत (थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जात) भरपाई ठरवू नये. त्यामुळे कंपनीने नुसतं ‘आमच्या मते घटना अशी घडली नाही’ असं म्हटलं की रिटचा जवळचा रस्ता अवघड होतो. उरतो दिवाणी दावा, म्हणजे वर्षं. ग्राहक आयोगाचा रस्ता काही प्रकरणांत चालतो, पण मयत किंवा त्याचं कुटुंब कंपनीचं ग्राहक होतं हे दाखवावं लागतं. रस्त्याने जाणारा वाटसरू, शेतमजूर, ऊसतोड कामगाराचं मूल, यांचं काय?

इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट. वीज कंपनीविरुद्ध तक्रारीसाठी आयोगाच्या विनियमांनुसार ग्राहक तक्रार निवारण मंच असतो, त्यावर विद्युत लोकपाल. बिल, मीटर, जोडणी, दाब या सगळ्यासाठी मंचाचं दार उघडं आहे. विद्युत कायद्याच्या कलम १६१ खालचे, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा वापरात झालेले अपघात मात्र या मंचाच्या कक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. म्हणजे नियामकाने उभी केलेली सगळ्यात स्वस्त आणि सोपी यंत्रणा मृत्यूच्या बाबतीत बंद आहे. पाणंद यांनी मांडलेली मागणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. विमा असो की निधी, त्याच्याबरोबर दावा ऐकणारी जागा मिळाली पाहिजे. मोटार अपघाताला न्यायाधिकरण आहे, रेल्वेला आहे, रसायनांना जिल्हाधिकारी आहेत.

---

हिशेबी

मी विरोधात लिहितो आहे, कृपया रागावू नका.

हप्ता भरणार कोण? कंपनी तो खर्च दरवाढीच्या याचिकेत दाखवणार, आयोग मान्य करणार, आणि तो तुमच्या-माझ्या बिलात येणार. म्हणजे सैल तारांचा दंड ग्राहकाला.

दुसरं, विमा कंपन्यांचा आपला अनुभव आठवा. महाराष्ट्रात २००५-०६ पासून शेतकरी अपघात विमा योजना होती, पुढे तिला गोपीनाथ मुंडेंचं नाव दिलं. सरकार हप्ता भरायचं आणि कंपन्या त्रुटी काढून दावे परत पाठवायच्या. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये सरकारने विमा कंपन्यांना बाजूला केलं आणि तीच योजना सानुग्रह अनुदान म्हणून स्वतः चालवायला घेतली. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज, तहसीलदारांच्या समितीचा निर्णय, मृत्यूला २ लाख. विजेचा धक्काही त्यात बसतो. ज्या राज्याने विमा सोडून थेट मदतीचा मार्ग धरला, तिथे पुन्हा विमा कशाला?

---

पाणंद

हिशेबी, रागवायचं काय, मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच मी ‘विमा किंवा निधी’ म्हटलं. मला स्वतःला निधी जास्त पटतो. तुमचा हिशेब पुढे नेतो. महावितरणचे सुमारे ३ कोटी ग्राहक आहेत. एसटीसारखा महिन्याला बिलामागे १ रुपया धरला तर वर्षाला ३६ कोटी होतात. १० लाखांप्रमाणे ३६० कुटुंबांची सोय. म्हणजे रक्कम आवाक्याबाहेरची नाही.

पण तो रुपया ग्राहकाच्या बिलातून घ्यावा असं मला वाटत नाही. एसटीचा प्रवासी स्वतःच्या प्रवासासाठी रुपया देतो. तारेखाली मेलेला माणूस विजेचा व्यवहार करत नव्हता, तो आपल्या वाटेने चालला होता. दोष कंपनीचा ठरला तर ती रक्कम भागधारकांच्या परताव्यातून जावी, दरात येऊ नये. सरकारी कंपनीत भागधारक म्हणजे शेवटी सरकारच, हेही मला कळतं. तरीही दरयाचिकेत ‘अपघात भरपाई’ अशी वेगळी ओळ दिसली, ती आयोगाने नामंजूर केली आणि दर वर्षी वर्तमानपत्रांत छापून आली, तर खालच्या कार्यालयांना गार्डिंगचं अंदाजपत्रक वर पाठवायला बळ मिळेल. खांबावरचा यांचं म्हणणं यातून साधेल असं वाटतं. मुंबईत अदानी, टाटा, बेस्ट हेही याच आयोगाचे परवानाधारक आहेत, त्यांनाही तीच अट लागू व्हावी.

मुंडे योजना चांगली आहे, पण ती सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी. भूमिहीन मजूर तिच्या बाहेर. आणि तिथे पैसे सरकार देतं, तार ज्याची तो देत नाही.

---

सॅन_होजेकर

कॅलिफोर्नियात हेच प्रश्न फार मोठ्या आकड्यांत आले, म्हणून लिहितो.

८ नोव्हेंबर २०१८ ला पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक (पीजी अँड ई) कंपनीच्या जुन्या पारेषण वाहिनीचा झिजलेला हुक तुटला, तार मनोऱ्याला लागली आणि पॅराडाइज नावाचं गाव जवळजवळ पूर्ण जळालं. ८५ माणसं गेली. कॅलिफोर्नियात कायदा असा की कंपनीच्या यंत्रणेमुळे आग लागून मालमत्ता गेली तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही कंपनी देणं लागते. शैल कुमारीसारखंच. पण देणं इतकं झालं की विमा त्यापुढे किरकोळ ठरला, आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. जून २०२० मध्ये तिने ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. आगग्रस्तांसाठी १३.५ अब्ज डॉलरचा समझोता झाला, पण त्यातला अर्धा भाग कंपनीच्याच शेअरच्या रूपात. ज्यांची घरं कंपनीने जाळली त्यांची भरपाई त्याच कंपनीच्या बाजारभावावर टांगली गेली. हे मी कधीच विसरणार नाही.

जुलै २०१९ मध्ये राज्याने नवा कायदा केला. साधारण २१ अब्ज डॉलरचा वणवा निधी, अर्धा कंपन्यांच्या भागधारकांकडून, अर्धा ग्राहकांकडून. ग्राहकांचा वाटा बिलावरच्या एका जुन्या आकाराला मुदतवाढ देऊन काढला, म्हणून बिल एकदम वाढलं नाही, पण माझ्या बिलावर ती ओळ दर महिन्याला असते. पाणंद यांच्या मागणीला उपयोगी भाग पुढचा आहे. कंपनीने स्वतः पुरेसा विमा ठेवायचा, आणि वर्षातलं पहिलं किमान १ अब्ज डॉलरचं देणं स्वतः किंवा त्या विम्यातून भागवायचं, निधी त्याच्या वर सुरू होतो. कंपनी शहाणपणाने वागली होती का हे राज्याचा नियामक आयोग नंतर तपासतो. नव्हती असं ठरलं तर निधीतून गेलेले पैसे भागधारकांनी परत भरायचे, एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेचं संरक्षण हवं असेल तर कंपनीकडे सुरक्षा प्रमाणपत्र असावं लागतं. तारांजवळची झाडं तोडणं, उघड्या तारांवर आवरण चढवणं, अशा कामांची योजना मंजूर झाल्याशिवाय ते मिळत नाही.

तरी हे पुरलं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ अल्टाडेनात ईटन आग लागली तेव्हा हा निधी आटणार अशी भीती झाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १८ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली. इथून घेण्यासारखं आहे ते प्रमाणपत्र आणि विमा यांची सांगड. नुसता निधी नको.

---

खांबावरचा

ही सांगड मला पटली. आपल्याकडे पाहणी करणारा माणूस आधीच आहे, विद्युत निरीक्षक. तो राज्य सरकारचा असतो, कंपनीचा नाही. त्याच्या दाखल्यावर निधीचा वाटा ठरवा. कंपनीच्या ज्या मंडळात (सर्कलमध्ये) गार्डिंग आणि अर्थिंग पूर्ण, त्याचा वाटा कमी. मात्र निरीक्षकांची पदं भरा आणि त्यांना गाडी द्या, नाहीतर दाखले टेबलावर बसून मिळतील.

---

कायद्याचं_बोलू

हे आयोगापुढे मांडता येतं आणि त्यासाठी वकील लागत नाही. दरनिश्चितीच्या याचिकांवर आणि विनियमांच्या मसुद्यांवर आयोग जाहीर सूचना देऊन हरकती मागवतो. कुणीही नागरिक लेखी देऊ शकतो, दरयाचिकेच्या जनसुनावणीत बोलू शकतो. बहुतेक हरकती दरावरच असतात, अपघातावर फार थोडे बोलतात. मागणी तीन वाक्यांत मावते: कलम १६ खाली परवान्याच्या अटींत तिऱ्हाइताच्या अपघातासाठी विमा किंवा राखीव निधी सक्तीचा करा, दोष कंपनीचा ठरला तर भरपाई दरात धरू नका, आणि कलम १६१ च्या प्रकरणांत अंतरिम भरपाईचे दावे ऐकायला एक जागा द्या. त्याखाली आपल्या तालुक्यातल्या घटनांच्या तारखा आणि निरीक्षकांचे अहवाल जोडा.

---

माळरान

आमच्या शेजारच्या वस्तीवर अशी घटना झाली आहे, घरात कमावतं कुणी उरलेलं नाही. त्यांना आत्ता काय करायला सांगू?

---

कायद्याचं_बोलू

माळरान, ऐकून वाईट वाटलं. क्रमाने सांगते.

पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली आहे ना बघा, तिचा क्रमांक घ्या. घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती मागा. मृत्यूचं कारण विजेचा धक्का असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जिवंत किंवा तुटलेल्या तारेला कुणी हात लावू नका, फक्त लांबून फोटो काढा, खांबाचा क्रमांक दिसेल असे. अपघात कळल्यापासून २४ तासांत कंपनीने विद्युत निरीक्षकाला कळवणं आणि ४८ तासांत लेखी अहवाल देणं २००५ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते झालं का हे निरीक्षकांच्या कार्यालयात विचारा आणि कुटुंबाचा स्वतंत्र अर्जही तिथे द्या. चौकशीच्या दिवशी घरचं कुणीतरी हजर राहावं, पहिल्यांदा पोहोचलेल्या दोन माणसांचे जबाब तिथे नोंदवून घ्यावेत. माहिती अधिकारात त्या दिवसाचं सबस्टेशनचं लॉगबुक मागा, ब्रेकर कधी पडला आणि पुन्हा कधी चढवला हे त्यात असतं.

मयत १० ते ७५ वयातला असेल आणि सातबारा घरात असेल तर मुंडे योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्या. तो दिला म्हणून कंपनीवरचा हक्क जात नाही. कंपनीची मदतही घ्या, पण ‘पूर्ण व अंतिम’ असं काही लिहिलेला कागद समोर आला तर सही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीला दाखवा. तिथे वकील फुकट मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दिवाणी दावा आणि ग्राहक आयोग, दोन्हींची मुदत दोन वर्षांची आहे. निरीक्षकांचा अहवाल यायची वाट बघण्यात ती निघून जाते, म्हणून आजची तारीख लिहून ठेवा आणि अहवाल आला नाही तरी मुदतीत दावा लावा. व्यनि (खासगी निरोप) करा, अर्जाचा मसुदा पाठवते.